तो विमानतळावर, मी तारनाक्याला

करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात विमानं जमिनीवर आली आणि मी तारनाक्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये. मी केबिन क्रूमध्ये होते, नवरा त्याच कंपनीत विमानांच्या देखभालीवर. मला बिनपगारी रजेवर पाठवलं; बोलावू तेव्हा या, म्हणाले. त्याची नोकरी मात्र शाबूत राहिली. उभ्या विमानालाही मेकॅनिक लागतो, हवाई सुंदरी लागत नाही.

रोज सकाळी तो गळ्यात पास अडकवून शमशाबादच्या विमानतळावर निघाला की माझ्या पोटात दुखायला लागे. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, पोलिसांनी पास बघून सोडलं, असं सगळं तो संध्याकाळी रंगवून सांगायचा. टायर एकाच बाजूने बसू नयेत म्हणून विमानं थोडी थोडी पुढे ढकलायची, पक्ष्यांनी घरटी करू नयेत म्हणून इंजिनांची तोंडं झाकायची. माझा जीव रमावा म्हणून तो सांगायचा, हे आता कळतं. तेव्हा वाटायचं, हा मला मुद्दाम जळवतोय. त्याचा शर्ट धुवायला टाकण्याआधी मी हळूच हुंगायचे. त्याला विमानाचा वास असायचा. मग तो शर्ट जरा जास्तच जोरात आपटला जायचा.

एक दिवस सासूबाईंनी माझ्या ड्युटीच्या चाकांच्या बॅगेत बेगम बाजारातून मागवलेली वर्षाची चिंच भरून ठेवली. बॅग रिकामीच पडली होती ना, म्हणाल्या. त्यांच्या लेखी माझी नोकरी संपली होती. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, त्यांच्या हातचं चिंचेचं सार मात्र दोन्ही दिवस प्यायले.

त्याच आठवड्यात मी नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली. विमानात गेलास की माझ्या जागेवरून, मागच्या दाराजवळून, समोरच्या रांगांचा एक फोटो काढून आण. मला फक्त बघायचं होतं, की सगळं माझी वाट बघत तसंच आहे. तो हो म्हणाला. पहिल्या दिवशी विसरला, दुसऱ्या दिवशी मोबाइल बंद पडला, तिसऱ्या दिवशी वेळच मिळाला नाही.

चौथ्या दिवशी जेवताना माझा तोल सुटला. तू रोज आत जातोस आणि तुला एक फोटो देववत नाही, मी घरात बसले म्हणून तुला बरं वाटतंय, असं बरंच काही बोलले. सासूबाई ताट घेऊन आत निघून गेल्या.

तो भात कालवत राहिला. मग म्हणाला, "कशाचा फोटो काढू गे? सीटा काढतोय आम्ही. चार दिवस झाले."

मी विचारलं, किती रांगा. सगळ्या, म्हणाला. प्रवासी नाहीत, म्हणून आता केबिनमध्ये औषधांची खोकी भरून नेणार होते. खोक्यांवर जाळ्या टाकायच्या आणि त्या जमिनीला आवळून बांधायच्या.

मला रडू यायला हवं होतं. पण माझ्या तोंडून भलताच प्रश्न निघाला.

"उडायच्या आधी सगळं नीट बांधलंय का, ते कोण बघतं?"

त्याने ताटातून मान वर केली नाही.

"मीच. दार लावायच्या आधी एक फेरी मारतो."

ती फेरी सात वर्षं माझी होती.