लाखाची वाकळ

माझ्या नवऱ्याची सारी नोकरी पूर्णा जंक्शनवर तिकीट तपासण्यात गेली. एकदा चुडाव्याजवळ माझा सख्खा भाऊ विनातिकीट सापडला, तर त्यालाही यांनी पावती फाडून दिली. भाऊ अजून आमच्याकडे जेवत नाही. अशा माणसासोबत मी लेकीच्या बाळाला बघायला लंडनला निघाले.

बॅगा भेटींनीच भरल्या. ताडकळसला माझी थोरली बहीण असते. त्या अक्कानं बाळासाठी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली होती. हे म्हणाले, "या चिंध्या कशाला विमानात? तिकडं पांघरुणं मिळत न्हाईत का?" ते माझ्या मनात राहिलं.

तिथल्या विमानतळावर बाहेर पडायला दोन वाटा होत्या. ज्यांना कस्टमला काही दाखवायचं नाही त्यांची हिरवी, दाखवायचंय त्यांची लाल. सगळं विमान हिरव्या वाटेनं गेलं. हे लाल वाटेला लागले.

"अहो, आपल्याकडं दाखवण्यासारखं हाय काय?"

"ते ठरवणारे आपण कोण?"

टेबलामागे एक पंजाबी बाई होती. कुणी आपण होऊन आलेलं बघून तिलाच अवघडल्यासारखं झालं. ती एकेका भेटीची किंमत विचारायची, हे पावती काढून द्यायचे. वाकळीची पावती नव्हती.

"माताजी, इसकी कीमत?"

मी यांच्याकडं बघत ठसक्यात म्हणाले, "लाख की है!"

तिनं तसंच लिहिलं. पावत्या आवरण्याच्या नादात यांनी जन्मात पहिल्यांदा न वाचता सही केली. मग तिनं कराचा आकडा सांगितला, तेव्हा यांचा चेहरा उतरला. बाई भली होती. वाकळ चाचपून म्हणाली, जुन्या साड्यांचीच दिसते, कमी लिहू का? मी घाईघाईनं होकाराची मान हलवली.

"न्हाई," हे म्हणाले. "पैसे भरायची वेळ आली की जबान बदलणारे मी लय बघितलेत. सही झालीय माझी."

कर भरला. वर पावती मागून घेतली.

घरी लेकीनं पावती वाचली आणि वाकळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवली. "आई, एवढी महागाची वस्तू खराब होईल." बाळ दुकानातल्या रजईवर झोपू लागलं.

आठवड्यानं अक्काचा फोन आला. "जयभीम. बाळ वाकळीवर झोपायलंय का गं?"

"हो, झोपतंय की," मी म्हणाले आणि विषय बदलायला कराची गोष्ट सांगितली.

अक्का म्हणाली, "माझ्या वाकळीवर? विलायतच्या सरकारनं?" आणि फोन ठेवला. गल्लीत सांगायची घाई झाली असणार.

खोटं बोलल्याचं मला लागून राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लेक डॉक्टरकडे गेली, तशी मी वाकळ काढली, अंथरली आणि बाळाला तिच्यावर ठेवलं. ते हातपाय ताणून निवांत झालं आणि पाच मिनिटांत त्यानं वाकळ ओली केली.

हे दारातून बघत होते. आता नियम सांगतील म्हणून मी वाट बघत राहिले. ते न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि आतून विचारलं, "साबण कुठला घ्यायचा?"