गळ्याचं बटण

उत्तर काश्मीरमधली आमची पोस्ट अकरा हजार फुटांवर होती. पाच वाजता उठणं, सहाला चहा, मग ड्यूटी. रविवारी दुपारी शिवणकाम, आणि ते सगळं माझ्याच गळ्यात पडायचं. सुई-दोऱ्याच्या पिशवीला फौजेत 'हाउसवाइफ' म्हणतात. घोटीचा लान्स नायक सोपान चिडवायचा, "उस्ताद, तुम्हाला लग्नाची गरजच नाय."

शिवण मी आईकडून शिकलो. नाशकात द्वारका चौकाजवळच्या आमच्या दोन खोल्यांत बसून ती शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कपडे रफू करायची. तिचा एक नियम कडक होता. अंगावर घातलेला कपडा शिवायचा नाही, अपशकुन होतो. शिवावाच लागला, तर घालणाऱ्याने दातांत काडी धरायची. शाळेच्या घाईत मी किती काड्या चावल्या, देव जाणे.

त्या सोमवारी गस्तीची तुकडी सव्वासहाला निघणार होती. सहा दहाला सोपान धावत आला. पार्काचं, म्हणजे बर्फातल्या जाड कोटाचं, गळ्याचं बटण त्याच्या हातात होतं.

"काढ, लावून देतो."

"टाइम कुठाय उस्ताद? अंगावरच टाका."

मी टाकलं. चार टाके, बटणाखाली दोऱ्याचे तीन वेढे. काडीची आठवण झाली तेव्हा दोरा तोडून झाला होता.

"काडी राहिली रे."

"आल्यावर धरतो," तो हसला आणि फॉल-इनच्या रांगेकडे पळाला.

आठ चाळीसला रेडिओ वाजला. "बर्फ सरका है. एक आदमी नीचे. ओव्हर."

"नाम बताओ. ओव्हर."

नाव यायला वेळ लागला. आम्ही तीन तास खणत होतो. सोपान बारा पाचला सापडला. बटण जागच्या जागी होतं.

शकुन-अपशकुन मी मानत नाही, असं चारचौघांत सांगतो. ते खरं नाही. पेन्शनीत आल्यापासून दरवर्षी त्याच्या तिथीला मी घोटीला त्याच्या आईकडे जातो. चहा होतो, भाताच्या गोष्टी होतात. काडीचं कधी बोललो नाही. ती मला पुन्हा दारात उभं करणार नाही, अशी भीती वाटायची.

यंदा तिच्या अंगातल्या स्वेटरची बाही उसवली होती. "तुला येतं ना? घाल टाका," ती म्हणाली. मी पिशवीतून सुई काढली. तिने केरसुणीची एक काडी मोडून दातांत धरली आणि हात पुढे केला.

माझा हात थांबला. मग मी सगळं सांगून टाकलं.

तिने काडी बाहेर काढली.

"सापडला तवा बटण लागल्यालं व्हतं?"

"हो, आई."

"पार गळ्यापातूर?"

"गळ्यापर्यंत."

"त्याला थंडी लय बाधायची. ल्हानपणापासनं," ती म्हणाली. "गळा तरी झाकल्याला व्हता माझ्या पोराचा."

तिने काडी परत दातांत धरली आणि बाही माझ्यापुढे केली. माझे डोळे भरले होते. दोरा ओवायला फार वेळ लागला. ती हात तसाच धरून बसून राहिली.