उठा भैरूसाब

परंड्यात किल्ल्याच्या पिछाडीला नीलम्माचं सासर. थोरांच्या देखत नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही, हा त्या घरचा शिरस्ता. सासू रुद्रम्मा गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन सोप्यावर पूजेला बसली की काही सांगायचं ते भिंतीला सांगायचं, नाहीतर भांड्याला. "पीठ सरलंय गं बाई," असं नीलम्मा परातीला म्हणायची, आणि तिचा नवरा शिवशरण दळण घेऊन निघायचा.

चैतात सोनारीच्या जत्रेहून तो एक काळं पिल्लू धोतराच्या सोग्यात घालून घेऊन आला.

"आणि हे काय आणलंस?" रुद्रम्मा म्हणाली.

"देवळाच्या पायरीवरून आपणहून मागं आलं, आई. काळभैरवाचं वाहन. न्हाय कसं म्हणायचं?"

"मग बसव की माझ्या पूजेच्या घोंगडीवर."

ती रागानं म्हणाली. पिल्लानं ते मनावर घेतलं. घोंगडीवर जाऊन, नीट जागा बघून, मुतलं.

देवाच्या दारचं जनावर, त्याच्यावर हात उगारायचा नव्हता. मग शिवशरण त्याच्याशेजारीच निजायला लागला. पिल्लानं डोळे उघडले रे उघडले की हा खोकायचा, दोन कोरडे आणि तिसरा लांब, गाडीचं चाक चढावर ओढल्यासारखा, आणि सासऱ्याला उठवावं तशा अदबीनं म्हणायचा, "उठा भैरूसाब, परसाकडं चला." उचलून परसात राखेच्या ढिगाशी ठेवायचं. कालची ओली राख मुद्दाम तिथंच ठेवलेली, म्हणजे वास घेऊन त्याला उमजावं. काम झालं की "शाब्बास, भैरूसाब." त्या हाकेनं नीलम्माही उठायची. हाकेतली निम्मी आपल्यासाठी असते, हे तिला माहीत होतं. आता भिंत नको, परात नको. "भैरूसाब, आज ठेचा झकास झालाय म्हणं," असं तो पिल्लाला सांगायचा आणि ही चुलीपुढं खाली मान घालून हसायची.

महिन्याभरात झोपेतून उठल्यावरचं जमलं. खाल्ल्यावरचं राहिलं.

ते राहिलं ते राहिलंच. जेठात राज्यातले दिवस फार बिघडले. राज्याविरुद्ध उठून हद्दीपलीकडं बार्शीला गेलेल्या लोकांचे निरोप शिवशरण आणत-नेत होता, ते कुणीतरी कचेरीत सांगितलं. आठवडी बाजाराच्या गर्दीत, भर दुपारी, तो एका गाडीबरोबर निघाला. आई समोर उभी. त्यानं वाकून पिल्लाच्या कानामागं खाजवलं.

"भैरूसाब, घर तुमच्याकडं. चार दिसांत येतो. येळेवर जेवत जावा."

नीलम्मा उतरंडीला म्हणाली, "भाकरी बांधलीय म्हणावं."

चार दिवसांचे चाळीस झाले.

पिल्लू शिकलेलं सगळं विसरलं. डोळे उघडून कान टवकारायचं, वाट बघायचं, आणि हाक आली नाही की पडल्या जागी सोडून द्यायचं. तिसऱ्यांदा घोंगडी धुवायची वेळ आली तेव्हा रुद्रम्मा म्हणाली, "नीलव्वा, अमुशेला सोनारीला गाडी निघतीय. देवाचं देवाला पोचतं करू."

"शिकंल की आत्या."

"कवा? माझी घोंगडी कुजल्यावर?"

नीलम्मानं घोंगडी पिळायला घेतली. शिवशरण जाताना जे बोलला ते पिल्लाजवळ बोलला होता. पिल्लूच गेलं तर ते बोलणं घरात राहणार कुणाजवळ?

तिनं "चल रं राजा" म्हणून बघितलं. च् च् करून बघितलं. पिल्लू मान वाकडी करून तिच्याकडं बघायचं, जणू चुकीच्या माणसानं चुकीचा पत्ता विचारलाय. मग एका सकाळी, सासू पूजेत आहे असं बघून, तिनं परसाच्या दारात पदर तोंडावर घेतला आणि खोकली. शेळीसारखा आवाज आला. तिचं तिलाच हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी जरा बरा. तिसऱ्या दिवशी तिला गोम कळली: तो खोकला गळ्यातला नव्हताच, नाकातला होता, आणि 'साब' तो अर्धा गिळायचा. "उठा भैरूसाब, परसाकडं चला."

पिल्लू उडी मारून उठलं. राखेवर गेलं, बसलं, काम केलं. आणि मग तिच्या मागं बघायला लागलं. दार हुंगलं, गोठा हुंगला, पुन्हा दारात आलं. दुपारपर्यंत तिथनं हललं नाही. नीलम्माही त्या दारातच गहू निवडत बसली.

आठेक दिवस असे गेले. मग एका दुपारी जमादार आला, दोन शिपाई घेऊन.

"अम्मा, तुमारा बेटा आको हफ्ता हुआ बोलते."

"न्हाय आला," रुद्रम्मा म्हणाली. ती लई लवकर म्हणाली.

"नक्को अम्मा. मैं खुद सुना ना सुबे, गल्ली में खडे रहको. खांसी सुना, बात सुना."

शिपायांनी कणगीमागं बघितलं, माळ्यावर बघितलं. आतल्या अंधाऱ्या खोलीतून एकजण ताट घेऊन आला. दोन भाकऱ्या, शेंगाची चटणी, वर दुसरं ताट झाकलेलं.

"ये किसका?"

ते नीलम्मानं वाढलं नव्हतं. मग तिनं सासूकडं बघितलं आणि तिला सगळं कळलं. म्हातारी रोज सकाळी सोप्यावर ती हाक ऐकत होती. पोरगं लपून आलंय, सून लपवतीय, बरंच करतीय, असं धरून चालली होती. विचारायचं नाही, बोलायचं नाही. आज पहिल्यांदा तिनं नुसतं ताट झाकून ठेवलं होतं.

"बोलो," जमादार म्हणाला. "नई तो अम्मा कू चलना पडेगा कचेरी."

पिल्लू चुलीपाशी नुकतं जागं होऊन आळोखेपिळोखे देत होतं. नीलम्मानं पदर पुढं ओढला. सासूकडं न बघता ती खोकली. दोन कोरडे, एक लांब. "उठा भैरूसाब, परसाकडं चला."

पिल्लू चौघांच्या पायांतून वाट काढत परसात गेलं आणि राखेवर बसलं.

एक शिपाई फिस्सकन हसला. जमादार हसला नाही. "हौ," तो म्हणाला, "वोइच आवाज." ताट त्यानं स्वतः खाली ठेवलं, पुन्हा झाकलं, आणि ते गेले.

रुद्रम्मानं ताटातली भाकरी कुस्करली आणि पिल्लापुढं ठेवली. एवढंच म्हणाली, "शेंगा त्याला आवडतात म्हणून कूट जरा जाड ठेवलं हुतं."

अमावस्येला सोनारीची गाडी गेली. पिल्लू घरातच राहिलं. रोज सकाळी हाक यायची. ती झाल्याशिवाय रुद्रम्मा तळहातावरचं लिंग पुन्हा गळ्यात घालायची नाही.

श्रावणात एका सकाळी पिल्लू आपणहून उठलं, परसात जाऊन आलं, खाल्ल्यावर पुन्हा जाऊन आलं. पुरतं शिकलं. नीलम्मानं "शाब्बास" म्हटलं. आता खोकायला निमित्त उरलं नव्हतं.

"आज हाक न्हाय आली," सोप्यावरून रुद्रम्मा म्हणाली.

"आपलं आपण गेलं की, आत्या."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली. लिंग तळहातावर तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी नीलम्मा उठली तर पिल्लू परसाच्या दारावर नखं घासत कुईकुई करत होतं. दाराला आतून कडी. तिनं लावली नव्हती. तिनं कडीकडं हात नेला.

सोप्यावर रुद्रम्मा डोळे मिटून बसलेली. ती भिंतीला म्हणाली, "दार लागलंय वाटतं. कुणी हाक मारल्याबिगर बिचारं जाईल कसं?"

नीलम्मानं हात मागं घेतला. पदर तोंडावर धरला, आणि नाकातून खोकली.