लग्नाला आलेला मित्र

डांबरगोळ्यांचा वास आला की मला साताऱ्यातले एक निवृत्त सुभेदार आठवतात, कारण त्यांनी आपल्या कादंबरीचं बाड लष्करी ट्रंकेतून काढून माझ्यापुढे ठेवलं तेव्हा पानापानाला तोच वास होता. मी तेव्हा संपादनाच्या कामात नवीन होते. आठव्या प्रकरणात नायकाचा मित्र सीमेवर मरतो आणि सतराव्यात स्वतःच्या बहिणीच्या लग्नात जिलेबी वाढत फिरतो, एवढी मोठी चूक सापडल्याचा मला आनंदच झाला होता. त्यांच्या अंगणात बसून मी ती दाखवली. "व्हय, चुकलंय," ते म्हणाले. त्याला आठव्यात नुसता जखमी करू या, असं मी सुचवलं. "न्हाई वो ताई, त्यो खरंच गेलाय. माझ्या शेजारीच हुता." मग लग्नातून काढू या, म्हटल्यावर त्यांनी चष्मा उतरवला. "भनीच्या लग्नाला येतोच म्हणला हुता. खऱ्यात आला न्हाई, म्हणून हितं आणला." मी सतरावं प्रकरण उघडून लग्नातल्या त्याच्या ओळी पुन्हा वाचल्या. शेवटी तेच म्हणाले, "वाचणाऱ्याला पटाय पायजे न्हवं? काढा." मी तिथेच त्या अकरा ओळींवर पेन्सिलीने काट मारली आणि ते शेजारी बसून बघत राहिले. पुस्तक छापून आलं, गोष्ट कुठे अडखळत नाही असं सगळे म्हणाले. आजही असले दुवे जुळवणं हेच माझं काम आहे, पण त्याला त्या लग्नातून न घालवता ती कादंबरी नीट कशी करता आली असती, हे मला अजून सुचलेलं नाही.