घरची पक्की शाई

आमच्या घरातल्या चारही मतदारांना एकदा मतदान केंद्रातून परत पाठवण्यात आलं होतं, आणि त्याला नागरिकशास्त्र हा विषय कारणीभूत होता. हा विषय मी बाभुळगावजवळच्या एका शाळेत शिकवतो. कोणी ऐकत असेल तर घरीही शिकवायची माझी तयारी असते. (कोणी ऐकत नाही.)

पुस्तकात मतदानाला जेमतेम एक पान आणि एक धुरकट चित्र आहे. त्यामुळे मी दरवर्षी वर्गात खरीखुरी निवडणूक घेतो आणि तिचं साहित्य स्वतः तयार करतो. पुठ्ठ्याचं मतदान यंत्र, जुन्या चादरीचा गुप्त कक्ष, आणि उमेदवार म्हणून आंबा, पेरू, सीताफळ. सगळं छान चालायचं, घोडं अडायचं ते शाईपाशी. मार्करची शाई पोरं थुंकी लावून पुसायची आणि पुन्हा रांगेत उभी राहायची. मागच्या खेपेला वर्गात जेवढी मुलं होती त्याहून जास्त मतं एकट्या पेरूला पडली. आमचे मुख्याध्यापक सगळ्या स्टाफसमोर म्हणाले की सर बोगस मतदान फार मन लावून शिकवतात. ते मला लागलं.

त्यातच तालुक्याचं शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन जाहीर झालं. मी ठरवलं, यंदा शाई अशी करायची की बोट झिजेल पण शाई जाणार नाही. विचार करता करता मला बिब्बा आठवला.

बिब्बा आमच्याकडे घरोघरी असतो. टाच फुटली, पायात काटा मोडला की माझी माय सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरते आणि त्याचं तेल लावते. पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करायचे त्या याच तेलाच्या. कपडा फाटायचा, खूण राहायची. मी तेल काढलं, त्यात चुना कालवला आणि बाटलीवर ‘पक्की शाई’ अशी चिठ्ठी चिकटवली. माय बाजूला बसून पाहत होती.

“बाबू, बिब्बा उतते,” ती म्हणाली. “सगळ्याइले सोसत नाई तो.”

थेंबभराने काही होत नाही, आणि पोरांना लावायच्या आधी घरीच लावून पाहू, असं मी तिला समजावलं. मुलांवर थेट प्रयोग करू नये एवढी अक्कल मला होती. ती तेवढीच होती.

कारण त्याच आठवड्यात आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक होती, आणि आमच्या प्रभागातून माझी बायको वंदना उभी होती! प्रभाग लहान, समोरची उमेदवार तोलामोलाची, त्यामुळे एकेक मत जपून ठेवावं असा मामला. वंदना उन्हातान्हात दारोदार फिरत होती. मी सरकारी नोकर, मला प्रचार करता येत नव्हता. बायकोच उमेदवार म्हटल्यावर निवडणुकीची ड्युटीही लागली नव्हती. थोडक्यात मी घरी मोकळा होतो, आणि मास्तर मोकळा असला की घरच्यांचं काही खरं नसतं.

मी ओसरीत मतदान केंद्र मांडलं. मायला बोलावलं. यवतमाळला कॉलेजात शिकणारी मुलगी प्राजक्ता आयुष्यातलं पहिलं मत द्यायला मुद्दाम गावी आली होती, तिलाही रांगेत उभं केलं. वंदना पत्रकं घेऊन निघालीच होती. तिने घाईघाईत, माझ्याकडे न बघता बोट पुढे केलं आणि आंब्याला मत देऊन चालती झाली. मी प्रत्येकाच्या डाव्या तर्जनीवर, नखापासून वर पहिल्या पेरापर्यंत, प्रशिक्षणात दाखवतात अगदी तशी रेघ ओढली. शेवटी स्वतःला ओढली आणि सीताफळाला मत दिलं. मग साबण झाला, राख झाली, लिंबू झालं. शाई जागची हलली नाही. मला इतका आनंद झाला की मी चहा स्वतः केला.

खरं मतदान कधी आहे, असं त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मी दिवस, वेळ आणि केंद्राची खोलीसुद्धा सांगितली असती.

दोन दिवसांत बोटं उतली. मायचं सुजलं, वंदनाच्या बोटावर फोड आले, प्राजक्ता रात्रंदिवस बोट खाजवत मला काय काय बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही. माझ्या बोटाला मात्र काही झालं नाही. “तुही कातडी जाड हाय,” माय म्हणाली. मी ते कौतुक समजलो. सगळे खोबरेल तेल लावण्यात आणि सूज पाहण्यात इतके गुंतले होते की रेघेचा विचार कोणाच्याच डोक्यात आला नाही.

मतदानाच्या सकाळी माय ठेवणीतलं पांढरं पातळ नेसली. मताच्या दिवशी ती दुसरं काही नेसत नाही. आम्ही चौघं केंद्रावर पोचलो. शाई लावायला पल्लवी बसली होती. ही माझी जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः शिक्षिका. मला पाहून ती आदराने अर्धी उठली, मायचं बोट हातात घेतलं आणि तशीच खाली बसली.

समोरच्या उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून आमचा शेजारी गजानन खुर्चीवर होता. तो उठला. “शाई लागेल हाय. चौघाइलेही लागेल हाय. माहा आक्षेप हाय साहेब.”

यादीत आमच्या नावांपुढे खूण झालेली नाही, तपासून घ्या, असं मी वर्गातल्या आवाजात सांगितलं. केंद्राध्यक्ष शांतपणे म्हणाले की तर्जनीवर आधीच खूण असेल तर मतदान करू देता येत नाही, सरांना हा नियम माहीत असेलच.

“यायनंच शिकवला मले,” पल्लवी खाली मान घालून म्हणाली. “सातवीत.”

आम्ही बाहेर पडवीत येऊन बसलो. वंदना बोटावरच्या फोडांवर फुंकर घालत बसली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने परक्यांच्या दारात उभं राहून मतं मागितली होती, आणि तिच्या घरची हक्काची मतं नवऱ्याने बिब्ब्यात बुडवली होती. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती आणि रडूही येत होतं.

तेवढ्यात माय उठली, पदर सारखा केला आणि सरळ आत गेली. सुजलेलं बोट तिने केंद्राध्यक्षांच्या नाकासमोर धरलं.

“साहेब, सरकारची शाई अशी उतते काय? हा बिब्बा हाय. माह्या पोरानं लावला. म्या आजवर एकबी मत चुकवलं नाई.”

केंद्राध्यक्ष मुकुटबनकडचे, जंगलपट्ट्यातले निघाले. बिब्बा त्यांना नवा नव्हता. त्यांनी आम्हालाही आत बोलावलं, तिघींची सूज पाहिली, फोड पाहिले, आणि गजाननलाच विचारलं. गजानन माणूस सरळ. त्याने वाकून नीट पाहिलं आणि बिब्बाच हाय म्हणून आक्षेप मागे घेतला. पल्लवीने तिघींच्या मधल्या बोटाला शाई लावली. प्राजक्ता पहिलं मत देऊन हसत बाहेर आली. मायने यंत्राला हात जोडले.

मग मी बोट पुढे केलं. सूज नाही, फोड नाही, लाली नाही. स्वच्छ, काळीभोर, नियमात बसणारी रेघ! केंद्राध्यक्षांनी ते बोट ट्यूबलाइटखाली उलटसुलट करून पाहिलं.

“हे तर चांगलं दिसतंय,” ते म्हणाले.

“साहेब, मला बिब्बा सोसतो.”

“हे सरकारचीच हाय,” गजानन म्हणाला. मी आणखी काही बोलणार होतो, पण पल्लवीने अत्यंत आदराने सांगितलं की सर, मागे रांग आहे.

वंदना थोडक्या मतांनी निवडून आली. बाटली मायने उकिरड्यात पुरली आणि प्रदर्शनात मी पुठ्ठ्याचं यंत्र तेवढं नेलं. आता घरात मी नालीबद्दल, नळाबद्दल किंवा भाजीतल्या मिठाबद्दल काही बोललो की सदस्यबाई हातातलं काम न थांबवता विचारतात, “तुमी मत कोणाले देल्लं होतं?”

 त्या निवडणुकीत मी एकच मत दिलं होतं, आणि ते सीताफळाला.