डिकीतलं पाणी

माझं लातूरला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दिवसभर शॉकअप विकते मी. पण आमच्या अप्पांच्या गाडीचे जुने शॉकअप काढताना मी जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या उधारीवाल्या गिऱ्हाइकालाही कधी घातल्या नाहीत.

अप्पा म्हणजे माझे वडील. मुखेडला ते अँबॅसेडर भाड्यानं चालवायचे. ते गेल्यावर आईबरोबर गाडीही मी लातूरला आणली, तेव्हापासून ती दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी. आईला मणक्याचं दुखणं, गचका बसता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि म्हातारीनं एकच धोशा लावला, डोळे मिटायच्या आत मुखेडच्या जुन्या गल्लीत एकदा जाऊन यायचं, तेही याच गाडीत. माझ्या नव्या गाडीत बस म्हटलं तर म्हणाली, "त्या डबड्यात तू बस. मला मालकाच्या, तुझ्या अप्पाच्या गाडीत ने, न्हाईतर नेऊच नको."

इंजिन झालं, ब्रेक झाले. राहिले मागचे शॉकअप. डिकीवर हात दाबला की गाडी कितीतरी वेळ वरखाली उसळत राहायची. तशा गाडीत आईला बसवणं म्हणजे हाताने धरून दवाखान्यात नेणं. तेव्हा शॉकअप निघाले नाहीत तर आईचं मुखेड राहिलं, हे उघड होतं.

शेजारचे मिस्त्री मदतीला आले. गाडी उचलून ठोकळ्यांवर ठेवली. डावा शॉकअप निमूट सुटला. उजव्याचा खालचा नट मात्र गंजून बोल्टाशी एकजीव झालेला, वर पांढरा क्षार चढलेला. तेल ओतलं, ठोकलं, पान्याला लांब पाइप लावून मी त्यावर अक्षरशः लोंबकळले. ढिम्म. मला ताईच्या अर्थानं आपा म्हणणारे मिस्त्री म्हणाले, "आपा, ये नहीं निकलता. कटर लगाऊँ?" पेट्रोलची टाकी तिथंच, त्यामुळं मी नको म्हटलं आणि सगळा राग अप्पांवर काढला. "गाडी धुवायचे का विहिरीत बुडवायचे हे? कसलं पाणी मुरलंय इथं?"

आई शेडच्या दारात खुर्चीवर बसली होती. म्हणाली, "अप्पाला बोलू नको. तुझ्यापायीच मुरलंय ते."

आणि मग तिनं सांगितलं. लातूर तेव्हा नुकतं वेगळा जिल्हा झालेलं, आणि वर्ष दुष्काळाचं. मुखेडच्या विहिरींनी तळ गाठलेला. मी पोटात होते, अडले होते, आणि सुईणीनं हात टेकले. नांदेड काय, लातूर काय, दोन्ही लांबच. अप्पा म्हणाले, "नवा जिल्हा हाय, डॉक्टर बी नवे आले असतील." असल्या हिशेबावर माझा जन्म झालाय, मग डोकं सरळ कुठून असणार.

पण शॉकअप तेव्हाही गेलेलेच होते, आणि शिरूर ताजबंदपर्यंत नुसते खड्डे. रिकामी गाडी आदळते, भरलेली गाडी स्प्रिंगच्या पाट्यांवर बसून सावकाश चालते, हे त्या रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक. एरवी ज्वारीची पोती टाकली असती. त्या साली पोती कुणाच्या घरात होती? डिकीत पाणी आणायची रिकामी पिंपं तेवढी होती. अप्पा डोक्याला हात लावून उभे राहिले. तेव्हा समोरच्या घरातली काकू घागर घेऊन आली आणि तिनं ती पिंपात ओतली. मग शेजारची आली. मग पलीकडच्या बौद्धवाड्यातल्या बायाही आल्या. टँकरची वाट बघत बसणाऱ्या त्या लोकांनी घरातलं प्यायचं पाणी आणून दिलं, ते निव्वळ वजन म्हणून. मला गचका बसू नये म्हणून.

"दवाखान्यातबी नळ कोरडेच व्हते," आई म्हणाली. "त्याच पाण्यानं तुला पहिली आंघोळ घातली."

त्यानंतर पाऊस पडेपर्यंत अप्पांनी गाडी कधी रिकामी घरी आणली नाही. भाडं बिलोलीचं असो की नांदेडचं, येताना जिथं मिळेल तिथं पिंपं भरून घ्यायचे आणि गल्लीत वाटायचे. डिकीच्या उजव्या कोपऱ्याला भोक होतं. सांडलेलं पाणी तिथून नेमकं त्या नटावर ठिबकायचं.

माझा राग कुठल्या कुठं गेला. मला रडू आलं, आणि मिस्त्रींसमोर रडले मी, लाज वाटली नाही. मग तो नट फडक्यानं पुसला, ब्रशनं क्षार काढला, पुन्हा तेल सोडून मुरू दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पान्याला जोर दिला तर कर्रकन आवाज करून तो फिरला. आई म्हणाली, "शिवा शिवा. ऐकलं बाई त्यानं."

नवे शॉकअप घालून आम्ही मुखेडला गेलो. आईला गचका बसला नाही. गल्लीतली बहुतेक माणसं आता नाहीत, पण समोरच्या घरातली काकू होती, ओट्यावर उन्हात बसलेली, डोळ्यांनी अधू. आईनं तिचा हात हातात घेतला, गाडी आणलीय म्हणून सांगितलं. काकूनं चाचपत बॉनेटला हात लावला आणि विचारलं, जणू आम्ही कालच लातूरला गेलो होतो.

"पाणी पुरलं का गं तवा?"

आईनं मला दंडाला धरून तिच्यापुढं ओढलं. "पुरलं की," ती म्हणाली. "ही काय, हात लावून बघ."