पटावर सांगितलेले खोटे

आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिला, आणि बाप्तिस्मा घेणाराही मीच. कॉलेजच्या सुटीत मुंबईहून अमरावतीस आलो, तेव्हा तिथल्या पाद्रीसाहेबांनी मला दुभाष्या म्हणून अकोल्यास येण्याविषयी विचारले. अकोल्यास आमच्या मंडळीची पाचसात घरे होती आणि रविवारी तिथे प्रार्थना व्हायची होती. साहेब ऑस्ट्रेलियात वाढलेले. मराठी त्यांना ‘पाणी’ आणि ‘हळू’ एवढीच येई. ते म्हणाले, “या हिवाळ्यात माझे कान तू आणि जीभही तूच.” त्या बोलण्याने मी किती फुगलो, हे लिहिताना आता लाज वाटते.

आम्ही निघालो ती दमणी, म्हणजे बसायची बैलगाडी, माझ्या थोरल्या भावाची होती. कापसाला भाव आला तसा त्याने मळ्यातली वांगी उपटून सगळीकडे कपाशी लावली, आणि आलेल्या पैशात पांढऱ्या बैलांची जोडी व जरीच्या दोन झुली घेतल्या. मी बाटलो म्हणून तो मला पाणी वरून ओतून देई, पण गाडीत शेजारी बसवी.

वाटेत साहेब त्यांच्या देशाच्या गोष्टी सांगत. तिकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो. उपासनेहून आले की लोक ओढ्याकाठी थंड मांस खातात आणि लगेच चेंडूफळीचा खेळ मांडतात. खेळात माणसाचे मन उघडे दिसते, असे त्यांचे मत. मला ते ऐकून हेवा वाटे. बाहेर मात्र जिकडेतिकडे कापसाच्या गाड्या. एका विहिरीपाशी दोन माणसे वजन वाढावे म्हणून कापसाच्या बोंदऱ्यांवर, म्हणजे गोण्यांवर, पाण्याच्या बादल्या ओतत होती आणि आम्हांला पाहूनही थांबली नाहीत. मला शिसारी आली. साहेबांनी विचारले, “ते काय करताहेत?” मी म्हणालो, “धूळ बसवताहेत.” हे पहिले खोटे. ते इतके सहज निघाले, की मला ते खोटे वाटलेच नाही.

मूर्तिजापूरच्या अलीकडे एका गावी शंकरपट होता. बैलजोड्यांची शर्यत म्हटल्यावर साहेब लहान मुलासारखे उठून बसले. भाऊही त्याचीच वाट पाहत होता. दमणीचे बैल सोडून त्याने हलक्या छकड्याला जुंपले.

“काहून रे लहान्या, तुह्या सायबाले पट पाहाचा हाये ना? मंग पाहू दे माही जोडी!”

मी म्हणालो, “भाऊ, तुतारी घेऊ नको.” टोकाला खिळा ठोकलेल्या काठीला आमच्याकडे तुतारी म्हणतात.

“बह्याड हायेस का बे? बैल काय तुह्या पुस्तकानं पयतीन?”

साहेबांनी मला विचारले, “आमच्याकडे घोड्याला टाच मारतात, रक्त काढतात. मला ते कधी आवडले नाही. इथे काय करतात?”

मी धावपट्टीकडे पाहिले. एक जण बैलाच्या नरड्यात दारूची बाटली रिकामी करत होता. माझेच लोक, माझाच भाऊ, आणि शेजारी हा परका, ज्याला माझ्यावाचून काही कळत नव्हते. मी म्हणालो, “इथे नुसत्या आवाजावर पळवतात, साहेब. बैलाला आम्ही घरचा मानतो.”

साहेबांनी माझा हात दाबला. गर्दीमुळे आम्ही बरेच मागे होतो, आणि धुरळ्यात त्यांना दोन पांढरे पट्टे तेवढे दिसले असतील. मला मात्र, काय शोधायचे ते माहीत असल्यामुळे, सगळे दिसले. भाऊ खिळा खुपसत होता, आणि शेवटी तर त्याने वाकून उजव्या बैलाची शेपटी दातांत धरली. लोक ओरडत होते. मीही ओरडलो. जोडी पहिली आली. भाऊ थुंकत, हसत आला, त्याच्या मिशीला रक्त आणि शेण लागलेले. त्याने जखमांवर झुली टाकल्या आणि बैल पुन्हा दमणीला जुंपले. अकोल्यापर्यंत त्या झुलींवर माश्या बसत होत्या. साहेब म्हणाले, “केवढ्या माश्या!” मी म्हणालो, “दिवसच तसे आहेत.”

रविवारी एका पडवीत प्रार्थना झाली. समोर वीसेक माणसे, सगळी शेतातली. साहेब उपदेश करत, मी एकेक वाक्य मराठीत सांगे. मध्येच ते थांबले आणि म्हणाले, “मी तुमच्याकडून एक गोष्ट शिकलो. मी पट पाहिला. तुम्ही मुक्या जनावराला न टोचता पळवता. माझ्या देशातल्या ख्रिस्ती माणसांनी हे पाहायला हवे.”

मी समोरच्या माणसांकडे पाहिले. पुढे बसलेल्या प्रत्येकाच्या घरी तुतारी होती. साहेब वाट पाहत होते. अखेर मी वाक्य जसेच्या तसे सांगितले. मग मागे कोणीतरी फिसकन हसले आणि पडवीभर हसू पसरले. साहेबांना वाटले लोक खूश झाले, म्हणून तेही हसले. ते हसू मला सहन होईना. मी मराठीत म्हणालो, “हे मीच त्यांना सांगितलं. ते खोटं आहे.”

पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “मंग त्याईले सांग ना बापा. आमाले काय सांगून राह्यला? आमाले ठाव हाये.”

मी इंग्रजीत सगळे सांगितले. विहिरीवरच्या पाण्यापासून सांगितले. साहेबांचा चेहरा लाल झाला. उपदेश तिथेच सोडून ते अंगणात, भाऊ बैल बांधून बसला होता तिथे गेले आणि त्यांनी उजव्या बैलाची झूल उचलली. ती चिकटली होती. पाणी ओतून सोडवावी लागली. खाली पू आणि झुलीच्या कापसाचे तंतू एक झाले होते, आणि शेपटी सुजून काळी पडली होती. वासाने मी मागे सरलो. साहेबांनी मला पुन्हा जवळ बोलावले.

“तुझ्या भावाला सांग, महिनाभर याच्यावर जू ठेवायचे नाही. नीट सांग.”

मी सांगितले. भाऊ माझ्याकडे नाही, साहेबांकडे पाहून म्हणाला, “काहून? याच्या बापाचा बैल हाये का?”

“काय म्हणतो?” साहेबांनी विचारले.

माझ्या तोंडाशी आले होते, की तो विचार करू म्हणतो.

“तो विचारतो, साहेब,” मी म्हणालो, “की हा बैल तुमच्या बापाचा आहे काय.”